काळ्या मातीवरच्या रस्त्याला कोणतं सस्पेन्शन?

दिग्रसमधून दारव्ह्याकडे, आर्णीकडे, पुसदकडे किंवा मानोऱ्याकडे, कुठल्याही दिशेने बाहेर पडा, बहुतेक ठिकाणी वावरात दिसणारी काळी माती डांबराखालीही असते. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खालची जमीन दरवर्षी हलत राहते. त्यामुळे खड्डा एकही नसला तरी रस्त्याला लांबच लांब उंचसखलपणा येतो, साइडपट्टी खचते आणि डांबराची कड तुटून धारदार होते. गाडीला बाहेरून आणलेलं, कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवायचं असेल तर कॅटलॉगमधला फोटो नंतर बघा. आधी आपण रोज कोणत्या जमिनीवरून जातो ते बघा.

आपल्या भागात जोरकस गाडी म्हणजे बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडून सेकंडहँड आणलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, चाकणला तयार झालेली पोलो जीटी किंवा व्हर्टस जीटी, रांजणगावची अबार्थ पुंटो. क्वचित एखादी दोन दारांची खरी स्पोर्ट्स कारही दिसते. या सगळ्यांच्या मालकांचं पहिलं मागणं एकच असतं: गाडी थोडी खाली बसली पाहिजे. माझा सल्ला याच्या उलट आहे आणि तो मी आग्रहाने देतो. दिग्रसच्या रस्त्यांवर उंची कमी करण्यासाठी सस्पेन्शन घेऊ नका. चाकाला वर-खाली व्हायला पुरेशी जागा राहील आणि ते सतत रस्त्याला टेकून राहील, यासाठी घ्या. नाशिकच्या रॅलीत कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या आठवा. त्या डांबरी शर्यतीच्या गाड्यांपेक्षा उंच असतात, चाकं लांबवर खाली येतात, आणि तरीही वळणावर त्या आपल्या कोणत्याही गाडीपेक्षा वेगाने जातात. खडबडीत रस्त्यावर गाडी रस्ता धरते ती चाकाच्या याच हालचालीमुळे.

पैसे खर्च करण्यापूर्वी सध्याचं सस्पेन्शन जिवंत आहे का, ते पाहा. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे शॉकअप बहुधा थकलेले असतात. लोअर आर्मचे बुश चिरलेले असतात, वरच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असतं. अशी गाडी डोलते, कडकड करते, आणि मालकाला वाटतं की कंपनीचं सस्पेन्शनच कमअस्सल आहे. चांगल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर घेऊन बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं तपासून घ्या. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओला पट्टा आहे का, तेही बघा. कंपनीच्या दर्जाचे नवे शॉकअप टाकून महिनाभर चालवा. मुंबईत मुलुंडला १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएलसारख्या कंपन्या कितीतरी कारखान्यांना मूळ शॉकअप पुरवतात, तेव्हा कंपनीचा माल म्हणजे हलका माल, हा समज काढून टाका. अनेकांचं समाधान इथेच होतं, आणि लाखभर रुपये वाचतात.

टायरचंही तसंच. २०५/५५ आर१६ टायरची बाजूची भिंत ११३ मिमी उंच असते, २२५/४० आर१८ ची फक्त ९०. डांबराच्या तुटलेल्या कडेवर रिम वाकते की वाचते, हे बऱ्याचदा या २३ मिलिमीटरांवर ठरतं. मोठी रिम टाकून भिंत बारीक केली असेल तर मऊ सस्पेन्शन शोधत फिरण्यापेक्षा आधी रिम लहान करा. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि रस्त्याच्या धक्क्याला ती सगळ्यात आधी सामोरी जाते.

आता उंची. गाडीचं चेंबर लागणं, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं जमिनीवर घासणं किंवा फुटणं, ही भीती खरी आहे. पण ती मोजता येते. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. २.६ मीटर चाकांतर असलेली गाडी त्यावरून जाताना पुढची-मागची दोन्ही चाकं एका क्षणी गतिरोधकाच्याच उतारावर असतात, म्हणून गाडीच्या पोटाखालची फक्त पाच सेंटिमीटर जागा खर्च होते. गावाच्या तोंडाशी लोकांनी स्वतःच घातलेला उंचवटा मात्र मीटरभर रुंद आणि कधीकधी १५ सेंटिमीटर उंच असतो. तिथे पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून चढायची, आणि सगळे १५ सेंटिमीटर पोटाखाली. पोलोची कागदावरची उंची १६५ मिमी. उरले १५. त्यात चार माणसं आणि सामान मिळून ३०० किलो चढले की मूळ स्प्रिंगवर गाडी पंचवीस-तीस मिमी खाली जाते. हिशेब सरळ आहे: भरलेली पोलो मूळ उंचीलाच या उंचवट्यावर घासते, तिला अजून ३० मिमी खाली आणण्यात अर्थ नाही.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा तो वरच्या टोकाचा. ‘किती खाली जाते?’ हे तो स्वतःहूनच सांगेल. तुम्ही विचारा, ‘सगळ्यात वर ठेवली तर मूळ उंचीच्या किती खाली राहते?’ युरोपात विकले जाणारे बरेच कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि उंची बदलता येणारा शॉकअप यांचे संच, असे बनवलेले असतात की सगळ्यात वर ठेवले तरी गाडी मूळपेक्षा वीस-तीस मिमी खालीच राहते, कारण तिकडचं गिऱ्हाईक गाडी खाली बसवायलाच ते घेतं. असा संच कितीही नामांकित असला तरी आपल्या कामाचा नाही. वरच्या टोकाला मूळ उंची किंवा त्याहून पाच-दहा मिमी जास्त देणारा संच हवा. कॉइलओव्हर घ्यायचाच नसेल तर दुसरा मार्गही चांगला आहे: मूळ उंचीची स्प्रिंग तशीच ठेवून फक्त कडकपणा बदलता येणारे शॉकअप टाकणे. कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप या प्रकारचे आहेत. तेनचा एन्ड्युराप्रो प्लस १६ पायऱ्यांचा आहे, आणि दबण्याच्या शेवटच्या टप्प्यात धक्का झेलणारा तेलाचा अडथळा त्याच्या आतच असतो. दिग्रसमध्ये रोज वापरायच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती याच प्रकाराला आहे.

स्प्रिंग किती कडक घ्यावी, याचा अंदाज घरी कागद-पेन घेऊन करता येतो. समजा गाडी १,२०० किलोची आहे आणि ६२ टक्के भार पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या एका चाकावर सुमारे ३७० किलो आले. त्यातून चाक, हब, ब्रेक असं स्प्रिंगच्या खालचं चाळीसेक किलो वजन वजा करा, राहिले ३३०. मूळ स्प्रिंग ३ किलो प्रति मिमी असेल तर जोडणीच्या कोनामुळे चाकापाशी तिचा जोर सुमारे २.७ भरतो. ३३० ला २.७ ने भागलं की १२२ मिमी. नुसत्या वजनाने गाडी तिथे एवढी दबलेली असते. १२२ चं वर्गमूळ ११, आणि १५.८ या सूत्रातल्या ठरलेल्या आकड्याला ११ ने भागलं की सुमारे १.४. गाडीचा पुढचा भाग सेकंदाला १.४ वेळा झुलतो, असा याचा अर्थ. तीच स्प्रिंग ६ किलोची टाकली तर गाडी ६१ मिमीच दबते आणि झुलण्याचा वेग सेकंदाला दोनवर जातो.

घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार १.५ ते २, आणि त्यापुढचं शर्यतीच्या ट्रॅकसाठी. आपल्या रस्त्यांवर १.५ ते १.७ च्या वर जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. वरच्या उदाहरणातल्या गाडीला म्हणजे सव्वातीन ते सव्वाचार किलोची स्प्रिंग. बाजारातले काही संच पुढे सहा-सात किलोची स्प्रिंग घेऊनच येतात, कारण ते गुळगुळीत रस्त्यांचा आणि ट्रॅकचा विचार करून बनवलेले असतात. चांगला विक्रेता ऑर्डर देतानाच मऊ स्प्रिंग बदलून देतो, तेव्हा किलो प्रति मिमीचा आकडा त्याच्याकडून लेखी घ्या. युरोपी कंपन्या तो न्यूटनमध्ये देतात. दहाने भागलं की किलो मिळाले, कामापुरतं एवढं पुरे.

कडक स्प्रिंगचा एक तोटा फार थोडे लोक सांगतात. ६१ मिमीच दबलेली स्प्रिंग चाकाला खालीही ६१ मिमीच ढकलू शकते. रस्ता अचानक खाली गेला आणि चाक त्याहून खाली उतरू लागलं की स्प्रिंग सैल पडते, तिचा जोर संपतो आणि चाक रस्त्यावर नुसतं तरंगतं. काळ्या मातीवरच्या रस्त्याला असे उतार पावलापावलावर आहेत. वळणात असं झालं तर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. मूळ मऊ स्प्रिंगकडे १२२ मिमी शिल्लक असतात. कडक संच घेतलाच, तर मुख्य स्प्रिंगच्या वर एक छोटी मदतनीस स्प्रिंग आहे की नाही ते बघा. ती जोर फारसा देत नाही, पण मुख्य स्प्रिंग जागेवरून निसटू देत नाही.

खरी गोष्ट मात्र शॉकअपच्या आतल्या झडपांत आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. संचावर ‘लो स्पीड’, ‘हाय स्पीड’ लिहिलेलं असतं, तो गाडीचा वेग नसतो. शॉकअपच्या आतला दट्ट्या किती वेगाने सरकतो, त्याचा तो वेग. रस्त्याच्या लांब उंचसखलपणावरून ताशी नव्वदने गेलात तरी दट्ट्या सावकाश हलतो, हा लो स्पीड. ताशी तीसने चाललेल्या गाडीचं चाक डांबराच्या तुटक्या कडेवर आपटलं की दट्ट्या एकदम झटका घेतो, हा हाय स्पीड. आपल्या रस्त्यांवर दोन्ही एकाच किलोमीटरमध्ये भेटतात. पहिल्यासाठी शॉकअप घट्ट हवा, नाहीतर गाडी डोलत राहते. दुसऱ्यासाठी तो मोकळा हवा, नाहीतर धक्का सरळ पाठीच्या कण्यात जातो. स्वस्त शॉकअपमध्ये घट्ट केलं की दोन्हीकडे घट्ट होतं. चांगल्या शॉकअपमध्ये झटका आला की वेगळी झडप उघडून तेलाला वाट मिळते. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅक संचातली डीएफव्ही झडप यासाठीच आहे. जास्तीचे पैसे या झडपेला द्या. रंगीत ॲल्युमिनियमला देऊ नका.

दुसरी जोडी रिबाउंड आणि कॉम्प्रेशनची. चाक वर येताना शॉकअप जो विरोध करतो तो कॉम्प्रेशन, आणि दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला जो आवर घालतो तो रिबाउंड. एकच नॉब असलेल्या संचात तो कशावर चालतो, हे विचारून घ्या. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंड बदलतो, व्हेरिएंट ३ मध्ये दोन्ही वेगवेगळे. बिल्स्टाइनच्या बी१४ मध्ये फक्त उंची बदलते, तर बी१६ मध्ये दहा पायऱ्या आहेत आणि त्या दोन्ही एकदम बदलतात. बीसी रेसिंगच्या बीआर संचात तीस पायऱ्या. पायऱ्या जास्त म्हणजे संच चांगला, असं समजू नका. तीसपैकी शेवटच्या दहा पायऱ्यांत काहीच फरक पडत नाही, असे संचही असतात. ज्याला दोन नॉब वेगवेगळे समजून बसवायला वेळ नाही, त्याने फक्त रिबाउंड बदलणारा संच घ्यावा. उसळी आवरणं हे लांब उंचसखल रस्त्यावरचं मुख्य काम आहे, आणि कॉम्प्रेशन कारखान्याने ठरवलेलाच बहुधा बरा असतो.

संच कोणत्या गाडीचा, हे नावावरून ठरवू नका. ऑक्टेव्हिया आणि गोल्फ ज्या एकाच पायावर बेतल्या आहेत, त्या पायाच्या गाड्यांत पुढच्या शॉकअपची नळी ५० मिमीची किंवा ५५ मिमीची असते. चुकीचा संच मागवला तर नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या भागात, तो बसतच नाही. आपल्या गाडीची नळी मेकॅनिककडून कॅलिपरने मोजून घ्या. मागे आरएसला वेगवेगळ्या आर्मची जोडणी आहे, तर पोलोला सरळ आडवी बीम. दोन्हींत मागे स्प्रिंग एका जागी आणि शॉकअप दुसऱ्या जागी असतो, म्हणून मागची उंची वेगळ्या बैठकीवर बदलावी लागते. व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया तर भारतासाठीच बनवलेल्या पायावर आहेत. परदेशातल्या पोलोचा संच त्यांना ‘बसून जाईल’ म्हणून कुणी देत असेल तर तसं बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर घेऊ नका.

धूळ आणि गिट्टी हा आपल्याकडचा वेगळा विषय. मोनोट्यूब शॉकअपमध्ये दट्ट्या थेट बाहेरच्या नळीला घासत चालतो. ती नळी उघडी असेल आणि उडालेल्या गिट्टीने तिला पोच आला, तर दट्ट्या तिथेच अडकतो. ट्विनट्यूबमध्ये बाहेरची नळी चेपली तरी आतली बहुधा वाचते. उलटा बसवलेला मोनोट्यूब यातून सुटतो, कारण त्याची काम करणारी नळी जाड आवरणात असते. मुरूम-गिट्टीच्या रस्त्यावर रोज जायचं असेल तर साधा ट्विनट्यूब कमी प्रतीचा मानू नका. रॉडवर रबरी बूट हवाच. उंची बदलण्याच्या आट्यांमध्ये पावसाळ्यात चिखल बसतो, वाळतो, आणि पुढच्या वर्षी कॉलर फिरतच नाही. केडब्ल्यूच्या स्टेनलेस नळीसारखा गंज न धरणारा माल असेल तर उत्तम. तरीही दर पावसाळ्याआधी आणि नंतर मऊ ब्रशने आटे साफ करून घ्या. पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारू देऊ नका.

वरचं माउंटिंग रबराचं असू द्या. धातूच्या गोळीचं माउंटिंग ट्रॅकवर अचूक असतं. आपल्या रस्त्यावर मात्र काही महिन्यांत त्यात धूळ शिरते, ते खडखडू लागतं, आणि मग सगळी गाडीच खिळखिळी झाल्यासारखी वाटते.

काही वस्तू मोफत मिळाल्या तरी घेऊ नयेत. मूळ शॉकअपवर चढवायची आट्यांची बाही हा त्यातला एक प्रकार: स्प्रिंग खाली जाते, पण शॉकअप मूळ लांबीचाच राहतो आणि थोड्याशा दाबानेही बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आदळतो. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवणं त्याहून वाईट, कारण कापलेली स्प्रिंग चाक खाली लोंबताच बैठकीतून निसटू शकते. आणि उंची वाढवायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे किंवा प्लॅस्टिकचे जाड तुकडे दाबून बसवतात, तेही टाळा. त्या तुकड्याने एक-दोन वेढे निकामी होतात आणि स्प्रिंग अचानक कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच ताकदीचा असतो, म्हणून उसळी आवरली जात नाही. चेंबर वाचतं, पण गाडी रस्त्यावरून उडत जाते. चेंबर वाचवायला खरोखर उपयोगी पडते ती इंजिनखाली बसवलेली धातूची चांगली संरक्षक पाटी.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमच्या गाडीत नेमका कोणता भाग येणार आहे, त्याची माहिती घेऊन यवतमाळच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा. मूळ शॉकअप व स्प्रिंग भंगारात देऊ नका, तेलाचा हात लावून घरी ठेवा. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला गाडीत न कळवलेला संच दिसला की दाव्याला अडचण येते, आणि तेव्हा बोलून उपयोग नसतो.

बसवणारा माणूस संचाइतकाच महत्त्वाचा आहे. एक गोष्ट उभं राहून बघा. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना चाकं खाली लोंबलेली असतात. लोअर आर्मच्या रबरी बुशमधला बोल्ट त्याच अवस्थेत पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबत्या कोनातच पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी विनाकारण ताठ आणि उंच वाटते, आणि वर्षभरात बुश फाटतो. हा बोल्ट आधी नुसता हाताने लावायचा. मग गाडी चाकांवर उभी करून, किंवा जॅकने आर्म वर उचलून मूळ उंचीला आणून, टॉर्क रेंचने आवळायचा. एवढी एक गोष्ट तुमच्या मेकॅनिकला माहीत असेल तर बाकीचं काम त्याच्यावर सोपवायला हरकत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप शॉकअपवरच्या क्लिपमध्ये परत बसवला का, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून त्यांना ताण येत नाही ना, हेही तिथेच बघून घ्या.

संच बसवून झाला की लगेच अलाइनमेंट करा. पुढचे चारशे-पाचशे किलोमीटर स्प्रिंग बसू द्या, आणि मग अलाइनमेंट पुन्हा करा. फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर चारही चाकांवर टेपने मोजून ठेवा. डाव्या-उजव्यात पाच मिमीहून जास्त फरक असेल तर कॉलर दुरुस्त करून घ्या. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही जुळवून घ्या. रात्री दारव्ह्याच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याच्या डोळ्यांत तो जाता कामा नये.

नॉब फिरवण्याची पद्धत अशी. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. नॉब घड्याळाच्या दिशेने जोर न लावता शेवटपर्यंत फिरवा, आणि तिथून मागे येत क्लिक मोजा. बहुतेक संचांत शून्य म्हणजे सगळ्यात कडक. कारखान्याने सुचवलेल्या मधल्या क्लिकवर सुरुवात करा. चाचणीसाठी ओळखीचा एकच तुकडा निवडा: ज्यात एक लांब उंचवटा आहे, एक तुटकी कड आहे आणि एक मोकळं वळण आहे. दर वेळी त्याच वेगाने, तेवढ्याच माणसांना घेऊन जा. लांब उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत असेल तर रिबाउंड दोन क्लिक घट्ट करा. एकदा वर येऊन शांत बसली की थांबा. यापुढे घट्ट केलं तर एक दोष येतो, जो लवकर लक्षात येत नाही. लागोपाठ खड्ड्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक धक्क्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते, आणि शेवटच्या खड्ड्यावर बम्प स्टॉपला आदळते. मालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, म्हणून तो नॉब आणखी आवळतो, आणि दोष वाढतो. अशा वेळी रिबाउंड दोन क्लिक सैल करून बघा.

कॉम्प्रेशनचा नॉब वेगळा असेल तर तो सगळ्यात मऊ टोकापासून सुरू करा आणि ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जात असेल तरच एकेक क्लिक घट्ट करा. तुटक्या कडेचा धक्का हातात जाणवू लागला की एक क्लिक मागे. डावी-उजवी बाजू नेहमी सारखी ठेवा, पुढचे-मागचे आकडे वेगळे असले तरी चालतं. सगळे आकडे तारखेसह आरसीच्या पाकिटातल्या कागदावर लिहा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात गेला की शॉकअपचं तेल पातळ होतं आणि तीच गाडी थोडी सैल वाटते. मे महिन्यात एखादा क्लिक घट्ट करावा लागला तर बिघाड समजू नका.

कारंज्याहून समृद्धी महामार्गाला लागणार असाल तर रिबाउंड पुढे-मागे दोन-दोन क्लिक घट्ट करा. सिमेंटच्या सपाट रस्त्यावर कारसाठी ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला मऊ सेटिंगमध्ये गाडी मार्गिका बदलताना थोडी उशिरा सावरते. कॉम्प्रेशनला हात लावू नका, घट्ट केलेला कॉम्प्रेशन सिमेंटच्या सांध्यांवर उगाच टोचतो. टायरची हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली असते तेवढीच भरा. परत येताना महामार्ग सोडला, की दारव्ह्याच्या रस्त्याला लागण्याआधी गाडी बाजूला घेऊन तेच दोन क्लिक पुन्हा सैल करा.